पहिली कात

आई गेल्याच्या तिसऱ्या आठवड्यात मोरीत पाणदिवड सापाचं वीतभर पिल्लू दिसलं. माझ्याच खराट्याचा फटका त्याला लागला होता. भीती वाटायला हवी होती, वाटली नाही. आईच्या लोणच्याच्या रिकाम्या काचेच्या बरणीत त्याला ठेवलं आणि वर फडकं बांधलं. शेजारच्या मालूकाकूंनी हात जोडून झाकणभर दूध आणून दिलं. पिल्लू ढिम्म.

सर्पमित्राला फोन लावला. तो म्हणाला, “आधी ते दूध काढा. साप दूध पीत नाही. आणि एवढंसं पिल्लू पहिली कात टाकेपर्यंत काहीच खात नाही. थांबा नुसतं.”

मला सगळे ‘खा’ म्हणत होते. ‘थांब’ कुणीच म्हटलं नव्हतं.

पाचव्या दिवशी बरणीत कात पडली होती, डोळ्यांवरच्या पापुद्र्यासकट. सर्पमित्रानं येऊन पिल्लू ओढ्यात सोडलं. ते सरळ निघून गेलं. मला काहीच वाटलं नाही.

रिकामी बरणी घेऊन परतले, तर मालूकाकूंनी दारातून रोजचंच विचारलं, “जेवलीस का गं?”

रोज मी ‘नाही’ म्हणायचे. आज तोंडून निघालं, “अजून नाही.”