गावठी कुत्रीचा कॅन्सर

रामनगरात पाणी दिवसाआड येतं, वीज तिच्या मनाला येईल तेव्हा येते, पण मतं मात्र बारमाही असतात. आमचं दुकान गोव्याच्या रस्त्याला लागून आहे. ट्रकच्या सीटा, रेक्झिनची कव्हरं, ताडपत्रीची शिलाई. नवरा कापतो, मी शिवते. समोर चहाचं हॉटेल. गावातलं प्रत्येक मत आधी तिथे उकळतं आणि मग रस्ता ओलांडून आमच्याकडे येतं.

कुत्री आमच्याकडे आली ती एका ट्रकवाल्यामुळे. सीट शिवून घ्यायला थांबला होता. जाताना सीट घेऊन गेला आणि केबिनमधलं पिल्लू आमच्या पायरीवर ठेवून गेला. हॉटेलात ठरलं की बिचारा विसरला असेल. ट्रकवाला कधी स्टेपनी विसरत नाही, पिल्लू बरोबर विसरतो.

तांबडी होती, एक कान फाटलेला. माझ्या मशीनखाली झोपायची, मोटरचा आवाज तिला अंगाईसारखा. तिला नाव होतं. ते हाक मारायला ठेवलेलं होतं, छापायला नाही, म्हणून इथे लिहीत नाही. भुंकायची फारशी नाही. दुकानात येणाऱ्याकडे नुसती बघायची, आणि तेवढ्यावर पुष्कळ लोक हिशेबीपणा सोडून सरळ बोलायला लागायचे.

आठ-नऊ वर्षांची झाली तेव्हा एका दुपारी तिचा गळा खाजवताना माझ्या बोटांना जबड्याखाली दोन गाठी लागल्या. दोन्हीकडे एकेक, अख्ख्या सुपारीएवढ्या. नवरा म्हणाला, "दात दुखत असंल." गावात गुरांना इंजेक्शन देणारा एक माणूस आहे. त्याने लांबूनच बघून गालफुगी ठरवली, सुई टोचली, आणि दुसऱ्या दिवसापासून कुत्री त्याची सायकल ओळखायला लागली, एवढाच फरक पडला. मग मागच्या पायांच्या सांध्यांतही तशाच गाठी आल्या. तेव्हा आम्ही तिला व्हॅनमध्ये घालून बेळगावला नेलं.

तिथला डॉक्टर तरुण होता. गाठीतलं पाणी सुईने काढून तपासायला पाठवलं आणि चार दिवसांनी परत बोलावलं. त्याने मला खुर्चीवर बसायला सांगितलं, तेव्हाच मला कळलं.

"काकी, खोटं सांगत नाही. हा रक्तातल्या गाठींचा कॅन्सर आहे. बरा होणारा नाही. पण दर आठवड्याला इंजेक्शन दिलं तर काही महिने चांगले जातील."

"चांगले म्हंजे?"

"खाईल, फिरेल, कोण आलं तर भुंकेल."

"ती भुंकत न्हाई. बघते."

"मग बघेल," तो म्हणाला.

मी नवऱ्याकडे पाहिलं. त्याने व्हॅनची किल्ली खिशात टाकली आणि पुढच्या आठवड्याला कोणता वार बरा, असं डॉक्टरला विचारलं. घरी आल्यावर त्याने व्हॅनमधली मागची सीट उचकटली आणि तिथे मावेल अशी एक गादी शिवली. जाड फोम, वर निळं रेक्झिन, कडेला पांढरं पाइपिंग. ट्रकमालक विनवण्या करतात तेव्हाही हा माणूस पाइपिंगला वेळ नाही म्हणून सांगतो.

दुसऱ्या दिवशी हॉटेलात बातमी पोचली आणि पहिलं मत रस्ता ओलांडून आलं: "गावठी कुत्र्याला कुठला कॅन्सर हुतोय?" जसा काही कॅन्सर आधी जात विचारतो. मग औषधं यायला लागली. एकाने हळद आणि कडुलिंबाचा लेप सांगितला. एकाने मंतरलेला काळा दोरा आणून दिला, पैसे नकोत म्हणाला, हे त्याचं मोठेपण तो अजून सांगत असतो. एकाने मोबाइलवर व्हिडिओ दाखवला, त्यात परदेशातला कोणी कुत्रा गाजराचा रस पिऊन धावत होता. खानापूरहून नणंद आली. चहा पिऊन झाल्यावर कप खाली ठेवत म्हणाली, "वैनी, लेकींच्या बाळंतपणाला बी एवढी पळाली नव्हतीस."

"त्यांना सासरचे होते पळायला," मी म्हटलं. "हिला कोण हाय?"

नणंदेने विषय बदलला, पण जाताना कुत्रीला वळसा घालून गेली. रोग उडी मारून साडीला चिकटेल अशी भीती असावी.

सगळ्यांत भारी मत आणलं ते हॉटेलातल्या एका पुढाऱ्याने. निवडणुकीत तो प्रत्येक पक्षाच्या जीपमध्ये दिसतो, पुढच्या सीटवर. तो दुकानाच्या पायरीवर पाय ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "अक्का, हितं माणसास्नी गाडी मिळंना. दिग्गीच्या रानातनं आजारी माणसं झोळीत घालून आणाय लागतात. आनी तू कुत्रीला बेळगावला न्हेऊलीस."

"त्या झोळीचा दांडा तुझ्या खांद्यावर कवा आला हुता?" मी विचारलं.

त्याने पाय पायरीवरून काढला. खरं सांगायचं तर त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. त्याच्या तोंडात ते खोटं होतं. आमची व्हॅन वर्षानुवर्षं दुकानासमोर उभी आहे, कोणा आजाऱ्यासाठी ती मागायला हा गृहस्थ एकदाही आलेला नाही.

हे बोलणं चाललं होतं तेव्हा पायरीच्या दुसऱ्या टोकाला एक म्हातारी बसून कव्हरांचे सुटलेले दोरे कापत होती. ती दिग्गीचीच. नवरा गेल्यावर लेकीकडे रामनगरला आली, आणि हाताला काहीतरी चाळा पाहिजे म्हणून आमच्याकडे बसायला लागली. तिचा नवरा तोंडाच्या कॅन्सरने गेला होता, तिकडे रानातच, उपचाराचं नावही न ऐकता. हे सगळ्या गावाला माहीत होतं. मला टोमणा मारायचा हक्क जर कोणाला होता तर तिला. तिने पुढचं कव्हर ओढून घेतलं. पुढारी गेल्यावर कात्री बाजूला ठेवून म्हणाली, "त्या सुईनं दुखतंय काय गं तिला?"

"टोचताना थोडं. मग न्हाई."

"मी बी येऊ काय एकदा? मागं बसेन तिच्यापाशी."

तशी ती आमच्याबरोबर आली. खानापूरपर्यंतच्या खड्ड्यांत तिने एका हाताने व्हॅनची कड धरली आणि दुसऱ्या हाताने कुत्रीचं डोकं, ते आदळू नये म्हणून.

बेळगावच्या त्या दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीबद्दलही थोडं बोलायला पाहिजे, नाहीतर कोणी म्हणेल की ही बाई फक्त खेड्यातल्या लोकांना नावं ठेवते. तिथे कुत्र्यांना मम्मी आणि डॅडी असतात. एका पांढऱ्या केसाळ कुत्र्याला झालरीचा फ्रॉक घातला होता, आणि त्याची मम्मी प्रत्येकाला सांगत होती की हा अगदी माणसासारखा आहे. यात कुत्र्याची स्तुती कुठे होती ते मला समजलं नाही. तिने आमच्या तांबडीकडे पाहिलं, पाय जरा आत घेतले आणि गोड आवाजात विचारलं, "आंटी, ब्रीड कुठलं?"

"रामनगर," मी म्हटलं.

"अच्छा," ती म्हणाली आणि मान डोलावली, ऐकलंय कुठेतरी अशा थाटात.

म्हातारीने माझ्या कानाशी येऊन विचारलं, "त्या पांढऱ्याला काय झालंय?"

"काय न्हाई. केस कापाय आणलाय."

म्हातारी त्यानंतर बराच वेळ त्या फ्रॉककडे बघत राहिली.

आत डॉक्टरने कुत्रीच्या पुढच्या पायावरचे केस काढले, सलाईन लावलं आणि त्यातून ते औषध सोडलं. सुई शिरताना ती जरा थरथरली. तो तिच्या तोंडाशी वाकून म्हणाला, "दुखतंय का गं? झालं, झालं." तो सगळ्याच कुत्र्यांना असं म्हणत असणार. म्हातारी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून ऐकत होती.

परत येताना खानापूर मागे पडलं तेव्हा ती मागून बोलली.

"त्यो डाक्टर कुत्रीला विचारला, दुखतंय काय म्हणून."

"व्हय."

"आमच्या ह्यास्नी कोण विचारलं न्हाई."

नवऱ्याने व्हॅन हळू केली, रस्ता तिथे बरा होता तरी.

औषधाने गाठी विरघळल्या. पहिल्या दोन-तीन सुयांतच जबड्याखालून हात सपाट फिरायला लागला. मिशा गळून पडल्या, त्यामुळे तिचं तोंड पिल्लासारखं दिसायचं. सुईनंतर एक-दोन दिवस ओकायची, कोपऱ्यात जाऊन पडायची. मग सुईबरोबर दिलेल्या गोळ्यांनी अशी भूक लागायची की हॉटेलवाल्याच्या इडल्या ताटातून गायब व्हायच्या. हॉटेलात आता नवीन वाद सुरू झाला. हळदवाला म्हणे हळदीने गुण आला. दोरावाला म्हणे दोऱ्याने. दोरा मी पहिल्याच दिवशी चुलीत टाकला होता आणि हळद आमटीत. गाजरवाल्यानेही हक्क सांगितला. बेळगावच्या डॉक्टरचं नाव त्या वादात एकदाही निघालं नाही.

तो पावसाळा आणि पुढची थंडी तिने चांगली काढली. कुंभारवाड्याकडे माझं माहेरचं शेत आहे, भातकापणीला तिला तिकडे नेलं. पेंढ्यांवर पाठ घासून घासून तिने अख्खी रास पसरवली. माझ्या भावाने शिव्या दिल्या आणि मग स्वतःच रास परत लावली. डॉक्टरने सांगितलेले चांगले महिने ते हेच.

होळीच्या सुमाराला गाठी परत आल्या. या वेळी औषध बदललं, पण त्या हटल्या नाहीत. मान भरली, श्वास मोठा झाला. व्हॅनचं दार उघडलं की आधी ती स्वतः उडी मारायची, आता पुढचे पाय ठेवून उभी राहायची आणि आमच्याकडे बघायची. मग गूळसुद्धा नको म्हणाली. मी डॉक्टरला फोन केला. तो म्हणाला, "काकी, आता सुई नको. आता तिला मोकळं करू या. घेऊन या."

"त्या स्टीलच्या टेबलावर न्हाई," मी म्हटलं.

तो म्हणाला, "रविवारी आम्ही गोव्याला लग्नाला चाललोय. सकाळी वाटेत उतरतो."

ही गोष्ट हॉटेलात कोणी पोचवली ते मला माहीत नाही, पण पोचली. आणि इतके महिने जे लोक म्हणत होते की मरू दे की, कुत्रं तर हाय, तेच आता पायरीवर येऊन मला पापपुण्य शिकवायला लागले. जीव घेणं आपल्या हातात न्हाई. देव नेईल तेव्हा नेईल. तडफडणाऱ्या जनावराशेजारी पाच मिनिटंही न बसलेल्या माणसांना देवाची कामाची वेळ बरोबर ठाऊक असते. पुढारी म्हणाला, "अक्का, मारू नको गं, पाप लागंल."

"लागू दे," मी म्हटलं. "तुझ्या खात्यावर न्हाई येणार."

रविवारी सकाळी डॉक्टर आला तो रेशमी कुडत्यात. गाडीत बायको होती, केसांत मोगऱ्याचा गजरा, मांडीवर आहेराचं पाकीट. ती गाडीतच बसून राहिली असती तर कोणी काही म्हटलं नसतं. ती उतरली, चपला बाहेर काढून आत आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

कुत्री मशीनखाली होती, त्या निळ्या गादीवर. डॉक्टरने तिथेच जमिनीवर मांडी घातली. नवरा डोक्यापाशी बसला, मी पाठीवर हात ठेवला. म्हातारी आली आणि तिने मागचे दोन पाय मांडीवर घेतले. डॉक्टरने नेहमीसारखंच विचारलं, "दुखतंय का गं?" पहिल्या सुईने तिला झोप आली. डोकं नवऱ्याच्या हातात जड झालं. तो म्हणाला, "जा बाई." आयुष्यात मी त्याला कोणाशी इतकं हळू बोलताना ऐकलं नव्हतं, माझ्याशीही. दुसरी सुई दिल्यावर श्वास थांबला. डॉक्टर छातीला नळी लावून बराच वेळ ऐकत राहिला आणि मग त्याने नुसती मान हलवली.

मी रडले. ते लिहायला लाजावं असं काही नाही. डॉक्टरने नळाखाली हात धुतले, चहा नको म्हणाला, आणि दोघं लग्नाला गेली. ती बाई गाडीत बसताना डोळे पुसत होती, आणि मोगऱ्याचा वास दुकानात मागे राहिला होता.

मागच्या परसात जांभा दगड आहे, पहार मारली की ठिणगी उडते. नवरा एकटा खणत होता. हॉटेलातून तिघंचौघं आले, कुंपणापाशी उभे राहिले आणि डोकं कोणत्या दिशेला करावं यावर त्यांनी मतं दिली. पहार कोणी घेतली नाही. आम्ही तिला गादीसकट ठेवलं, मीठ पसरलं, माती लोटली.

आठवडा झाला नसेल, गावातला एक व्यापारी खोक्यातून पिल्लू घेऊन आला. "गावठी न्हाई अक्का, जातीचं हाय," तो म्हणाला. त्याला वाटलं मी खूश होईन. मी खोकं त्याच्या हातात परत दिलं आणि त्याच्या स्कूटरची सीट फाटली आहे, ती शिवून हवी असेल तर सांग, एवढंच बोलले. हॉटेलात माझा माज यावर बरेच दिवस बोलणं झालं म्हणे.

म्हातारी मात्र नेहमीसारखी यायची, दोरे कापायची. एका दुपारी मशीन बंद करून मी तिला विचारलं, "तुमचे मालक कसे हुते?"

तिने कात्री खाली ठेवली नाही. "कसे म्हंजे?"

"कसेबी. सांगा की."

तिने एक दोरा कापला. मग म्हणाली, "जळवांना भ्यायचे. रानातला गडी, वाघाच्या पावलावर पाऊल ठेवून चालंल, पर जळू बघितली की बोंब. पायाला तंबाखूचं पाणी चोळल्याबिगर घरातनं भाईर पडायचे न्हाईत." ती हसली. तिला हसताना मी पहिल्यांदा पाहत होते, पुढचा एकच दात उरलेला. "एकदा काय झालं, माझ्या भावाच्या लगनाला निघालो…"

बाहेर एक ट्रकवाला सीटसाठी हॉर्न वाजवत होता. मी त्याला हाताने थांबायची खूण केली.

"मग?" मी म्हटलं.