पिशवी धरणारा सिरिल

सिरिल बूथरॉइड माझा शेजारी. आमच्या घरांची भिंत एकच, त्यामुळे तो कधी खोकतो, कधी चहाची किटली ठेवतो आणि कधी नुसताच बसून राहतो, हे मला न विचारता कळायचं. आमच्या टॉडमॉर्डन गावच्या रेल्वे केबिनमध्ये त्यानं तीस वर्षं सिग्नल पाडले. सरळ नाकासमोर चालणारा माणूस, आणि अशा माणसांचा मला मनापासून राग येतो.

चर्चच्या मागच्या खोलीत आमचा अक्षरांच्या खेळाचा क्लब भरायचा. सात ठोकळे हातात घ्यायचे, त्यांतून शब्द जुळवायचा आणि पटावर मांडायचा. त्यात सर्वांत तयारीची दोघं, मेव्हिस क्रॉस्ली आणि गिल्बर्ट इस्बिस्टर. मेव्हिसचा नवरा तरुणपणीच गेला होता आणि ती गिरणीच्या कचेरीत हिशेब लिहायची. गिल्बर्ट शाळेत भूगोल शिकवायचा. पुढे वडील वारले तेव्हा मेंढरं सांभाळायला तो दूर उत्तरेला, शेटलंडमधल्या आपल्या बेटावर परत गेला. खेळ मात्र दोघांनाही सोडवेना, म्हणून त्यांनी तो टपालानं चालू ठेवला.

टपालाच्या खेळात तिसरा माणूस लागतो. शंभर ठोकळ्यांची पिशवी त्याच्याकडे राहते. खेळणारा आपला शब्द त्याला कळवतो, तो न बघता पिशवीतून नवी अक्षरं काढतो, ज्याची त्याला पाठवतो आणि शब्द पलीकडच्याला कळवतो. दोघांच्याही हातात काय आहे हे फक्त त्याला ठाऊक, आणि त्याबद्दल त्यानं मूग गिळून बसायचं. अशा कामाला सिरिलखेरीज कोण मिळणार?

मेव्हिस आमच्यापासून तीन गल्ल्यांवर राहायची. तरी हा तिला तिकीट लावून पत्र टाकायचा.

"अरे, चार पावलं चालत जा की," मी म्हणायची.

"गिल्बर्टला टपालानं जातं. मग तिलाही टपालानंच," तो म्हणायचा. "गेलो तर गप्पा होतील. गप्पांत एखादं अक्षर तोंडून निसटेल."

गिल्बर्ट आपल्या पत्राच्या तळाशी दोन ओळी लिहायचा. कोकरं झाली, छप्पर उडालं, आज समुद्र शांत आहे. मूळ पत्र पुढे पाठवता येत नसे, त्यात त्याची अक्षरं लिहिलेली असत. म्हणून सिरिल त्या ओळी आपल्या वळणदार अक्षरात उतरवून मेव्हिसला पाठवायचा. मेव्हिसच्या ओळी तशाच गिल्बर्टला.

आणि संध्याकाळी तो मेव्हिसची सात अक्षरं टेबलावर मांडून बसायचा. त्यांतून सर्वांत चांगला शब्द कोणता निघेल, हे शोधायचा. त्यासाठी त्यानं वह्या केल्या होत्या. झेड दोनदा येणारे शब्द एका वहीत, स्वरच नसलेले दुसऱ्या वहीत. क्यू हाती आला आणि जोडीला यू नसला की आमच्या क्लबातले लोक रडकुंडीला यायचे, पण सिरिलच्या वहीत त्यावरही सव्वा पान होतं. एकदा मेव्हिसच्या हातात असा क्यू होता, आणि बाकीच्या अक्षरांतून 'फकीर' निघत होता. आपलाच फकीर, इंग्रजी कोशात के ऐवजी क्यू लावून बसलेला. तिनं साधा 'फेअर' मांडला आणि क्यू तसाच ठेवून दिला. आठवडाभर हा माणूस जेवणावर वासना नसल्यासारखा फिरत होता.

"तिला सुचायला हवा होता गं," तो म्हणाला. "अगदी समोर होता."

तेव्हा मला कळलं की या बाबाचं मेव्हिसवर प्रेम आहे. त्यानं कधी सांगितलं नाही, पण इतक्या तळमळीनं दुसऱ्याच्या डावातला शब्द कोण शोधतं?

बावीस वर्षं अशी गेली. मग एका मे महिन्यात तो पत्र घेऊन माझ्या स्वयंपाकघरात आला आणि खुर्चीत बसला. गिल्बर्टचं पत्र होतं. वर शब्द, आणि खाली ओळ: मेव्हिसला विचार, जूनमध्ये इकडे येतेस का? एक खोली रिकामी आहे, आणि मीही.

"आठ दिवस झाले," सिरिल म्हणाला. "शब्द कळवला. ही ओळ उतरवली नाही."

या माणसानं जन्मात केलेली ही एकमेव लबाडी. मला तर बरंच वाटलं.

"मग नकोच उतरवू," मी म्हणाले. "तूच विचार तिला. जून इथंही येतो."

त्यानं पत्राची घडी घातली. "ही ओळ मला ठेवायला दिलेली नाही," तो म्हणाला. "तिची आहे."

"आणि तुझं काय?"

"मी पिशवी धरतो."

मी त्याला मूर्ख म्हणाले, आणखीही बरंच बोलले. त्या दुपारी त्यानं ती ओळ शब्दाशब्दानं उतरवली, खाली 'उशिराबद्दल क्षमस्व' असं लिहिलं आणि पेटीत टाकली.

मेव्हिस जूनमध्ये गेली. जुलैत परत आली ती घर आवरायला. निघायच्या आदल्या दिवशी ती सिरिलकडे पिशवी मागायला आली, आता एकाच टेबलावर बसून खेळणार म्हणून. मी तिथंच होते. सिरिलनं पिशवी काढून दिली. ती घेऊन मेव्हिस दारापर्यंत गेली आणि थांबली.

"बावीस वर्षं तुझ्या अक्षरात पत्रं आली मला," ती म्हणाली. "फोडलं की आधी तळाशी बघायचे, तुझी एखादी ओळ आहे का. सात-आठ वर्षं बघितलं, सिरिल. मग सोडून दिलं."

"पिशवी धरणाऱ्यानं लिहायचं नसतं," सिरिल म्हणाला.

"असं कुठं लिहिलंय?"

क्लबाचे नियम मीच टंकून काढले होते. त्यांत तसं काही नव्हतं.

सिरिलनं तिच्या हातून पिशवी परत घेतली, टेबलावर ओतली आणि ठोकळे मोजू लागला. एखादा कमी असायला नको, म्हणाला. मेव्हिस उभीच होती. शंभर भरले. त्यानं ते पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतले, आणि तिनंही त्याला थांबवलं नाही.