बोटांच्या पेरांवरची कलमं

त्या दुष्काळात मुकुंदवाडीच्या आमच्या अभ्यासिकेत नळाला पाणी नव्हतं. जो तो घरून बाटली आणायचा, आणि बाटली ठेवली की खुर्ची त्याची. मला उशीर झाला, की शेजारी बसणारी मुलगी स्वतःची बाटली माझ्या खुर्चीवर ठेवायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही.

आम्ही दोघीही सरकारी वकिलाच्या परीक्षेची तयारी करत होतो. जाहिरातीतला अभ्यासक्रम तिनं पुठ्ठ्यावर चिकटवला होता. डोळे मिटून ती बोटांच्या पेरांवर फौजदारी कलमं मोजायची. "आमचे बाबा मेंढरं अशीच मोजतात," ती एकदा म्हणाली. "एकबी हुकत नाय."

मग शुद्धिपत्रक निघालं. परीक्षा आता नव्या कायद्यांवर होणार होती, म्हणजे तिच्या जवळजवळ प्रत्येक कलमाचा आकडा बदलला होता. मी ते मोबाइलवर वाचलं. तिच्याकडे साधा फोन होता.

"ताई, अभ्यासक्रम ह्योच हाय ना?" तिनं पुठ्ठा पुढं करत विचारलं.

भरतीच्या जागा थोड्या होत्या. "असेल," म्हणून मी पुस्तकात डोकं घातलं.

आज कोर्टात मी साक्षीदारांना दरडावते, "ठाऊक होतं, तर गप्प का बसलात?" मला हे कुणीच विचारलं नाही.

पेपर सुटल्यावर ती केंद्राबाहेर भरउन्हात उभी होती.

"तुम्हालाबी ठाऊक नव्हतं ना, ताई?"

"नव्हतं."

"मंग आपण दोघीबी फसलो," ती म्हणाली, आणि बाटलीतलं उरलंसुरलं पाणी तिनं माझ्यापुढं धरलं.

मी ते सगळं प्याले.