माहूत गेला बबीन्याला

या जगात फाडण्याजोगं काहीही नाही, असं मानणारा एकच माणूस मी पाहिला, आणि तो नेमका आमच्या मावशीच्या नशिबी आला. झाशीच्या नगरा भागात राहणारे हे आमचे काका पोस्टाची तिकिटं जमवायचे. त्यातही जीव जोडतिकिटांवर: एकाच कागदावर शेजारीशेजारी छापलेली, चित्रं मात्र वेगवेगळी, मधे बारीक भोकांची रांग. याला से-टेनंट म्हणतात, हे त्यांनी अर्ध्या झाशीला न विचारता सांगितलं होतं, भाजीवाल्यासकट. "सुटी केली की दोन तिकिटं उरतात, जोडी उरत नाही. मग डिंकानं चिकटवा नाहीतर आसवांनी!" असं बजावायचे.

हे खूळ तिकिटांपुरतं राहतं तर मावशी सुखात असती. पण घरात जुळं केळं आलं की ते कुणी तोडायचं नाही. देवापुढे काळं पडेपर्यंत राहायचं. कॅलेंडरचं पान फाडायचं नाही, मागे दुमडायचं. एकदा बडा बाजारात मावशीनं ब्लाउजचं कापड पसंत केलं आणि दुकानदारानं कात्री उचलली, तर काका ओरडले, "भैया, काटिए मत!" मावशी बिचारी आख्खा तागा घेऊन घरी आली. पुढे कित्येक वर्षं आमच्या घरातल्या सगळ्या बायकांचे ब्लाउज एकाच जांभळ्या रंगाचे होते. माझाही होता, काय सांगू!

आणि हाच माणूस सख्ख्या मेव्हण्याशी नऊ वर्षं अबोला धरून बसला होता. बबीन्याला राहणाऱ्या आमच्या मामानं जेवताना सहज विचारलं होतं, "जीजाजी, ही रद्दी कशाला सांभाळता?" झालं! मावशी नवऱ्याला सोडून एकटी माहेरी जायची नाही आणि नवरा हलायचा नाही. बबीना गाडीनं तासाभराच्या आत, तरी दर वर्षी भावाला राखी पाकिटातून जायची. त्या दिवशी मावशी स्वयंपाकघरातच डोळे पुसायची आणि फोडणीला नावं ठेवायची.

त्या वर्षी राखीच्या दोन दिवस आधी काकांनी अल्बम उघडला आणि किंचाळले. त्यांच्या लाडक्या जोडीत डावीकडे हत्ती होता, उजवीकडे माहूत. आता नुसताच हत्ती.

"अगं, माहूत कुठाय?"

"राखीच्या पाकिटावर लावला. घरात दुसरं तिकीट नव्हतं," मावशी शांतपणे म्हणाली.

काका पोस्टात धावले. "बाबूजी, डाक तो निकल गई," एवढंच ऐकून आले. तासाभरात आम्ही गाडीत होतो: खिशात तिकिटांचा चिमटा ठेवलेले काका, मामाचं नवं घर ठाऊक म्हणून मी, आणि "ओढाताणीत पाकीट फाडाल" म्हणून मावशी. तिच्या पिशवीत दुसरी राखी आणि डबाभर अनारसे होते. अनारशांचे तांदूळ तीन-तीन दिवस भिजत घालावे लागतात, हे माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

मामानं दार उघडलं. तो म्हणाला, "आइए जीजाजी." पाकीट अजून आलंच नव्हतं. डाक आमच्या मागे राहिली होती! माहूत हाती लागेपर्यंत काका हलणार कसे? दोन दिवस मेव्हण्याच्या घरी, त्याच्याच लुंगीत. राखीच्या सकाळी पोस्टमन आला. माहुताच्या तोंडावरच काळाकुट्ट शिक्का. काकांनी खिशातून चिमटा काढला. मामा परातीत पाणी घेऊन आला, आणि दोघं डोकी जुळवून तिकीट सोडवत बसले. "हळू रे, हळू!" काका त्याला म्हणत होते. नऊ वर्षांनी मावशीनं भावाला हातानं राखी बांधली, तीही त्याचा एक हात पाण्यात असताना.

काका गेल्यावर अल्बम माझ्याकडे आला. पहिल्याच पानावर हत्ती, शेजारी काळ्या तोंडाचा माहूत, मधे दोऱ्याएवढी फट. खाली पेन्सिलीनं काकांचं अक्षर: 'जोडी खराब. सौ.ने मुद्दाम फाडली. कुणालाही देणे नाही.'

मी मावशीला ते वाचून दाखवलं.

"कळलं होतं म्हणायचं यांना," ती म्हणाली, आणि त्या फटीवरून बोट फिरवत बसली.