धरणाची ओटी

हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. पण गप्प राहायचाही आता शीण येतो.

निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती. भूमजवळच्या आमच्या गावाला मातीचं धरण झालं – लहानसंच, पण आमच्या कोरड्या मुलखात केवढं अप्रूप! मी तिथं कारकून. पाणी सोडायच्या दरवाजाची किल्ली माझ्याकडं. साहेबांचा हुकूम साधा होता : भरावाची माती अजून बसलेली नाही, पहिल्या वर्षी पाणी बारा फुटांच्या वर जाऊ द्यायचं नाही, दरवाजा उघडाच ठेवायचा. आकड्यांच्या बाबतीत मी काटेकोर – सगळे तसंच म्हणत.

नव्या पाण्याची ओटी भरायचं ठरलं. मान माझ्या बायकोला. पण पाणी घाटाच्या पायरीला लागत नव्हतं. पाटील चारचौघांत म्हणाले, "काय भाऊसाहेब, धरण बांधलं का बेडकाचं डबकं?" लोक हसले. ते मला लागलं. ओटीच्या दिवशी सकाळीच मी दरवाजा बंद केला. ओटी झाली की उघडणार होतो – पण मग पंगत बसली, वरच्या अंगाला पाऊस झाला, आणि मी... मी मानाच्या पाटावर जेवत होतो.

दुसऱ्या दिवशी उजाडताच धरणावर गेलो. खुणेच्या दगडावर पाणी सतरा फुटांवर, आणि भरावाचा मोठा तुकडा खाली घसरलेला. कुणी यायच्या आत दरवाजा उघडला. धरण वाचलं. साहेबांनी विचारलं तेव्हा म्हणालो, "उघडाच होता."

मग दोष कुणाचा? माझी थोरली बहीण – अक्का – विधवा, आमच्याकडंच राहते. ओटीचं ताट तिनं लावून दिलं होतं : खण, नारळ, तांदूळ. गावातल्या बायका बोलू लागल्या, "बिनकुंकवाच्या बाईचा हात लागला, मग बांध टिकंल व्हय?" बायको मला म्हणाली, "अहो, तुम्ही तरी सांगा, असं काही नसतं म्हणून." काय सांगितलं मी? काहीच नाही. एक वाक्य पुरलं असतं.

आणि अक्कानंच ते खरं मानलं. "माझ्याच हातानं झालं बाबा," म्हणायची – मला! किल्ली ज्याच्या हातात होती, त्याला.

परवा माझ्या मुलीचं लग्न झालं. हळदीची वाटी घेऊन पोरगी आपण होऊन अक्कापुढं गेली. "आत्या, आधी तुम्ही लावा." अक्कानं दोन्ही हात पदराखाली घेतले आणि माझ्याकडं पाहिलं – मी हो म्हणतो का, म्हणून.

मी पंगतीची पानं मोजत होतो. मोजतच राहिलो.