डबी रिकामी वापस करायची नाही

माझ्या मोठाईने अर्ध्या गावाची संडास गोळा केली होती.

असलं वाक्य फेसबुकवर लिहू नये, माहीत आहे. पण आज तिला जाऊन वर्ष झालं, आणि तिची ओळख करून द्यायला याच्याहून खरं वाक्य मला सापडलं नाही.

मोठाई म्हणजे माझ्या बाबांच्या थोरल्या भावाची बायको. सिहोऱ्याजवळच्या आमच्या गावात भाताच्या रोवणीला जाणाऱ्या बायांची म्होरकी. सकाळी तिने गल्लीतून एक हाक मारली की बाया अर्धा चहा तसाच ठेवून बाहेर.

तर आमच्या गावात एक अभ्यास आला. आतड्याचा कॅन्सर लवकर पकडता येतो का, ते बघायचं होतं. पन्नाशीपुढच्या प्रत्येकाला एक डबी. त्यात संडासचा नमुना द्यायचा. डोळ्यांना न दिसणारं रक्त असेल तर ते लॅबमध्ये कळतं.

सिस्टर घरोघरी डब्या वाटून गेली. एकही परत आली नाही. बाया पदर तोंडाला लावून हसायच्या, बाप्ये तर चिडायचेच.

शेवटी सिस्टर मोठाईकडे आली. मोठाईने ते काम रोवणीसारखंच अंगावर घेतलं.

"लाज कायची व? रोज धुऱ्याआड जाता तवा नाई वाटत? अन् ऐका, कोनाची डबी रिकामी वापस करू नये!"

आमच्याकडे हा नियमच आहे. शेजारणीचं भांडं रिकामं परत जात नाही. काही नसलं तर मूठभर तांदूळ तरी टाकायचे.

बायांनी नियम पाळला.

डब्या काठोकाठ भरून आल्या.

सिस्टरने कपाळाला हात लावला. "अहो मावशी, काडीच्या टोकाला लागेल एवढंच पाहिजे होतं!"

सगळा माल बाद. मोठाई दिवसभर पोट धरून हसली आणि दुसऱ्या दिवशी नव्या डब्या घेऊन पुन्हा गल्लीत हजर. या वेळी "चिमूटभर व, चिमूटभर!" असं ओरडत.

फक्त एका घरी ती गेली नाही. आमच्या.

आई आणि मोठाई, दोघी जावा, बांधीच्या, म्हणजे भाताच्या खाचराच्या, पाण्यावरून भांडल्या होत्या. वरची बांधी त्यांची, खालची आमची. एका कोरड्या साली त्यांनी पाणी खाली सोडलं नाही, एवढंच. पण बोलणं बंद म्हणजे बंद. लग्नाच्या मांडवातसुद्धा एकमेकींकडे पाठ.

आणि आईला अधूनमधून रक्त जायचं. ती म्हणायची मूळव्याध आहे. मी साकोलीहून आले की दवाखान्याचा विषय काढायचे, आणि ती विचारायची, "भाजी काय करू?" शेवटी वैतागून मी मोठाईला सांगून टाकलं.

त्याच संध्याकाळी मोठाई आमच्या अंगणात. उंबऱ्यावर डबी ठेवली.

"माह्यासंग बोलू नोको. पन सकाळी हे डबी न्यायले येईन."

आईने तोंड फिरवलं. "मी नाई देत."

"नोको देऊ. रिकामी वापस कर. तेवढं जमते का तुले, पाहू."

आईला ते जमलं नाही.

नमुन्यात रक्त निघालं. नागपूरला दुर्बिणीने तपासलं. कॅन्सर होता, पण अजून आतड्याच्या बाहेर पसरला नव्हता. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात.

आई घरी आली त्या दिवशी मोठाईकडून जर्मनच्या छोट्या गंजात, म्हणजे ॲल्युमिनियमच्या पातेल्यात, गरम पेज आली. आईने पेज पिऊन गंज धुतला, त्यात मूठभर लाखोळीची डाळ टाकली आणि हळूहळू चालत स्वतः नेऊन दिला. त्यानंतर तो गंज आमच्या दोन घरांत फिरतच राहिला.

मोठाईची स्वतःची डबी साफ आली होती.

पुढे तिला झाला तो स्वादुपिंडाचा. तो या डबीत सापडत नाही. कळला तेव्हा पसरलेला होता.

नागपूरच्या डॉक्टरांनी नव्या औषधाच्या ट्रायलबद्दल सांगितलं. मी सोबत होते. त्यांनी काही लपवलं नाही. उपयोग होईलच असं नाही, त्रास होऊ शकतो, केव्हाही सोडता येतं, नाही म्हटलं तरी नेहमीचे उपचार मिळतीलच.

"मले लागू नाई पडलं तं?"

"तरी आम्हाला काहीतरी कळेल, मावशी. पुढच्या पेशंटसाठी."

मोठाई माझ्याकडे वळली. "तुह्या मायची डबी तपासता आली, त्याच्याआधी कोनीतरी आपली देल्ली असनच ना व?"

आणि डॉक्टरांना हो म्हणाली.

तिला काही बरे महिने मिळाले. औषधामुळेच का, ते डॉक्टरही आत्ता सांगत नाहीत. अभ्यास संपल्यावर कळेल म्हणतात. त्या महिन्यांत तिने नातीचं बारसं केलं, बायांवर मनसोक्त ओरडून घेतलं, आणि काठी टेकत शेतावर जाऊन वरच्या बांधीचं पाणी आमच्या बांधीत सोडायला लावलं. आई दोन बांध्यांमधल्या धुऱ्यावर तिच्या शेजारी उभी होती.

ती गेली तेव्हा गंज आमच्याकडे होता.

आज सकाळी आईने तो घासून पुसून ओट्यावर ठेवला. मी खीर केली होती. म्हटलं, यात घाल, मोठाईच्या घरी देऊन येऊ.

आई गंज हातात धरून उभीच राहिली.

"काय टाकू व याच्यात? तिनं मले जीव देल्ला. खीर टाकून वापस करू?"

मग आम्ही दोघी खूप रडलो. खीर दुसऱ्या भांड्यात नेली.

तुमच्या गावात सिस्टर डबी घेऊन आली तर लाजू नका. फक्त काठोकाठ भरू नका.

मोठाई, तुझ्यामुळे माझी आई आज स्वयंपाकघरात आहे. तुझा गंज आम्ही ठेवून घेतलाय. तो भरेल एवढं आमच्या घरात काही नाही.

सुखानं राहा व.