कुसगावचा जबाब

नोकरीतली कितीतरी प्रकरणं विसरलो, पण या एका प्रकरणाचा कागदन् कागद अजून पाठ आहे. लोणावळ्याच्या ग्रामीण भागातल्या ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपून बाहेर आलो तर बाकावर पन्नाशी ओलांडलेली एक बाई बसलेली दिसली. दोन तास बसून आहे, काम काय ते सांगत नाही, असं ठाणे अंमलदार म्हणाला. तिला मोठ्या साहेबांशीच बोलायचं होतं.

ती तिकोणा पेठेची. गावाबाहेर पवनेच्या अंगाला एक नृत्याचं गुरुकुल होतं, तिथे बारा वर्षं स्वयंपाकाला होती. खुर्चीवर बसायला तयार होईना. शेवटी उभ्यानंच बोलली.

"साहेब, तिथली एक पोर चार दिस झालं जेवत न्हाई. खोलीला आतनं कडी लावून बसती. गुर्जींनी शिकवायला एकलीला बोलावलं की हात कापत्यात तिचं. मागं कुसगावची एक पोर व्हती, ती बी आशीच करायची. ती गेली निगून. ही बी जाईल, न्हाईतर जिवाचं काय करून घेईल."

तिनं स्वतः काही पाहिलं होतं का, असं मी विचारलं. नाही म्हणाली. मग म्हणाली, "माझं नाव तेवढं सांगू नका. पर जावा."

आमच्या महिला उपनिरीक्षक बाईंना घेऊन मी साध्या कपड्यांत गेलो. गुरुजी साठीच्या पुढचे, मोठ्या नावाचे. आवाज मऊ. त्यांनी चहा मागवला, रियाजाची खोली दाखवली. भिंतीवर तक्रार समितीचा कागदही चौकटीत लावलेला होता. समितीच्या अध्यक्ष म्हणून त्यांच्याच सख्ख्या बहिणीचं नाव होतं.

नऊ मुली तिथे राहून शिकत होत्या, सगळ्या सज्ञान. बाईंनी एकेकीला वेगळं बसवून विचारलं. नऊच्या नऊ जणी म्हणाल्या, "गुरुजी आम्हाला वडिलांसारखे आहेत." शब्द तेच, क्रमही तोच. खरं सांगणारी माणसं एकमेकांशी इतकी जुळत नाहीत, हे कोणताही जुना हवालदार सांगेल. जेवत नसलेली मुलगी वीस वर्षांची, बाहेरच्या जिल्ह्यातली. ते वाक्य म्हणून झाल्यावर तिनं फक्त एक प्रश्न विचारला, "मी काही बोलले तर माझं नाचणं बंद होईल का?" तक्रार नाही तर गुन्हा नाही. आम्ही परतलो.

मग कुसगाव. मागची ती मुलगी शोधायला एक दिवस पुरला. आता ती लोणावळ्यातल्या एका हॉटेलात स्वागतकक्षात नोकरीला होती. लग्न झालेलं, घरात सासू. आम्ही कोण आणि कशासाठी आलो ते सांगितल्यावर तिनं सासूकडे पाहिलं. सासू उठून तिच्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "सांग बाई. मी हितंच हाय."

ती तासभर बोलली. काय सोसलं ते इथे लिहिण्याचं कारण नाही. ते कोर्टाच्या कागदांत आहे आणि तिथेच असावं. संस्थेला तिनं पत्र लिहिलं होतं, त्याचं उत्तर आलं नव्हतं. बाई जबाब लिहून घेत होत्या. त्यांनी विचारलं, पोलिसांकडे का गेला नाहीत?

ती माझ्याकडे बघून म्हणाली, "गेले होते. साहेबांकडेच."

मला काहीही आठवेना. नऊ वर्षांपूर्वी मी त्याच ठाण्यात कनिष्ठ अधिकारी होतो, एवढंच खरं.

"तुम्ही मला पाणी दिलंत," ती म्हणाली. "रागावला नाहीत. म्हणालात, मोठं नाव आहे, तुझीच बदनामी होईल, आधी आईवडिलांना घेऊन ये. त्यांना घेऊन येता आलं असतं, तर मी एकटी का आले असते?"

बाईंचं पेन थांबलं होतं. मी त्यांना सांगितलं, लिहा, माझ्या नावासकट लिहा. हे मोठेपणानं सांगितलं नाही. दुसरं काही सुचत नव्हतं. ठाण्यात येऊन जुनी स्टेशन डायरी काढायला लावली. तिनं सांगितलेल्या त्या आठवड्यात किरकोळ भांडणं होती, हरवलेल्या बॅगा होत्या, दरीत अडकलेले पर्यटक होते. ती नव्हती.

वरिष्ठांना मी सगळं कळवलं. माझ्याबद्दलचं एवढं एक वाक्य जबाबात नसलं तरी चालेल, असं त्यांनी सुचवलं. मी ते तसंच राहू दिलं आणि तपास माझ्याकडून काढून घ्यावा अशी लेखी विनंती केली. पुढचा तपास उपविभागीय अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली बाईंनीच केला. मला खात्याकडून लेखी समज मिळाली. ती कमीच होती.

कुसगावची ती मुलगी आपणहून म्हणाली की मला तिकडे न्या. बाईंबरोबर ती गुरुकुलात गेली आणि जेवत नसलेल्या त्या मुलीशेजारी पायरीवर बसून राहिली. बाई लांब उभ्या होत्या. दोघी काय बोलल्या ते कुणालाच माहीत नाही. दुसऱ्या दिवशी त्या मुलीनं फिर्याद दिली, आणि आठवड्याभरात आणखी दोघींनी जबाब दिले. आधीचं वाक्य कुणी पढवलं होतं तेही सांगितलं. गुरुजींच्या बहिणीनं.

गुरुजींना अटक झाली. चौकशीत पहिले दोन दिवस ते शांत होते. बाईंना म्हणायचे, "तुम्हाला आमची परंपरा समजणार नाही. मी या मुलींना घडवलंय." तिसऱ्या दिवशी संस्थेच्या कपाटातून जप्त केलेलं कुसगावच्या मुलीचं पत्र बाईंनी पुढे ठेवलं. समासात संस्थेच्या चिटणीसांचा शेरा होता : 'गुरुजींना दाखवले. उत्तर देऊ नये.' त्यानंतर परंपरेचा उल्लेख झाला नाही.

आरोपपत्र वेळेत गेलं. त्यांना जामीन मिळाला. साक्षी सुरू झाल्या, कुसगावच्या मुलीची साक्ष पूर्ण झाली, आणि निकालाआधीच ते आजारानं गेले. त्यांच्याविरुद्धचा खटला तिथेच संपला. वर्तमानपत्रांत मोठे मृत्युलेख आले. कलेची हानी वगैरे. खटल्याबद्दल एक ओळ नव्हती. बहिणीवर आणि चिटणीसांवर चाललेलं प्रकरण अजून तारखांवर आहे.

गुरुकुल बंद पडलं. स्वयंपाकाच्या मावशींचं नाव आम्ही सांगितलं नव्हतं, पण गावात कळायचं ते कळलंच. तिच्यामुळे चार घरांची कामं गेली म्हणून काही दिवस तिच्याशी कुणी बोलत नव्हतं. भेटलो तेव्हा म्हणाली, "लय वाईट वाटलं व्हतं साहेब. पर ती पोर जेवाया लागली का?" लागली होती. मात्र तिनं नाच सोडला. घुंगरू घरातच आहेत, बघवत नाहीत, असं तिच्या आईनं बाईंना फोनवर सांगितलं.

मला या प्रकरणानं शिकवलं ते अगदी साधं आहे. एकटी आलेली मुलगी दारापर्यंत येण्याआधी पुष्कळ दारं ठोठावून आलेली असते. तिच्याशी गोड बोलून तिला परत पाठवणं हे हाकलून देण्याइतकंच वाईट. उरलेल्या नोकरीत मी प्रत्येक ठाण्यात आधी नोंद, मग प्रश्न, अशी शिस्त लावली. नृत्य-संगीताच्या संस्था बोलावतात तेव्हाही हेच सांगतो : समितीत घरची माणसं ठेवू नका आणि आलेलं पत्र कपाटात ठेवू नका. लोक टाळ्या वाजवतात.

मी निवृत्त झालो त्या वर्षी कुसगावची ती मुलगी बाजारात भेटली. तिनं माझी विचारपूस केली, मुलाला नमस्कार करायला लावला. निघताना म्हणाली, "साहेब, तेव्हा तुम्ही लिहून घेतलं असतं, तर ती दुसरी मुलगी तिथे आलीच नसती ना?"

मी म्हणालो, "नसती आली."

तिनं मान हलवली आणि मुलाचा हात धरून गेली.